रंगाला भुललो आणि रायफल गळ्यात पडली

जुन्या .22 (लहान काडतुसाच्या) रायफली गोळा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे पैसे गेले ते गेलेच.

इथे अमेरिकेतल्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, मला विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल 1890' रायफल दिसली. जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनची, पुढचा दांडा मागेपुढे सरकवून भरायची, अष्टकोनी नळीची. 1932 पर्यंत अशा आठ लाखांहून जास्त बनल्या, म्हणजे ही काही दुर्मीळ चीज नव्हे. दुर्मीळ असते ती चांगल्या अवस्थेतली. जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर आणि शेतावरच्या पोरांच्या हातात या रायफली अक्षरशः झिजल्या. त्यामुळे भाव ठरतो मूळ फिनिश, म्हणजे कारखान्यात धातूवर दिलेला रंग-थर, किती टक्के उरलंय त्यावर, आणि मी नेमका तिथेच आपटलो.

या रायफलीच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा बसवलेल्या धातूच्या भागावर) निळे, तपकिरी, राखाडी ढग होते. 1901 पर्यंत या मॉडेलचे रिसीव्हर केस-हार्डन करत, म्हणजे हाडांच्या नि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवत. त्यातून असे रंग येतात आणि वापराने, उजेडाने उडतात. ते शाबूत असतील तर भाव कुठल्या कुठे जातो. विक्रेत्याने खिशातून लॅमिनेट केलेला तक्ता काढला आणि खालच्या टँगवरचा (रिसीव्हरमधून मागे दस्त्यात जाणाऱ्या पट्टीवरचा) नंबर 1898 च्या रांगेत दाखवला. शिवाय फेडरल कायद्याने 1898 किंवा त्याआधीची बंदूक अँटीक, तेव्हा खरेदीच्या सरकारी फॉर्मची भानगड नाही, असंही म्हणाला. इतकी सोय आयती पुढ्यात आली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी मात्र भावपुस्तकातला 80 टक्क्यांचा रकाना धरून हिशोब केला, वर थोडी घासाघीस केल्याचं समाधानही मिळवलं, आणि रोख मोजले.

घरी एका जुन्या जाणकाराला दाखवली. त्याने रंगांकडे पाहिलंच नाही. दस्ता जिथे रिसीव्हरला भिडतो तिथे नख फिरवलं. नख अडकलं. लाकूड धातूपेक्षा खाली गेलं होतं. कारखान्यातून येताना ते किंचित वर असतं. म्हणजे दस्ता घासून पॉलिश केलेला. मग बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने त्याने दस्ता उतरवला, आणि माझं तोंडच उतरलं. टँगचा लाकडाखाली झाकलेला भाग, जिथे हात लागत नाही की ऊन लागत नाही, तिथे रंग सर्वांत ताजे असायला हवेत. तिथे ढगांचा मागमूस नव्हता. होतं ते साधं जुनं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा एकरंगी निळसर-काळा थर. उलट रायफल हातात धरून चालताना तळहात जिथे घासतो, तिथे रंग अगदी झगमगीत! जवळून पाहिलं तर ते ढगही नव्हते, एकसारखे पट्टे होते. धातू तापवायच्या गॅस टॉर्चची ज्योत फिरवलेली. नळीवरच्या अक्षरांच्या कडाही बफने गोल झालेल्या, त्यावर नवं काळं ब्लूइंग.

नंबर नीट तपासला तर रायफल निघाली 1904 ची. म्हणजे मुळात ब्लूइंग केलेल्या रिसीव्हरची, आणि अँटीकही नाही. तक्ता त्यानेच जुळवून छापला असणार. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या नोंदी आहेत, फी भरली की बऱ्याच जुन्या मॉडेल्सबद्दल पत्र मिळतं. मी ते पैसे वाचवायला गेलो होतो.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणे, मी 'एक्सलंट' म्हणालो ते अँटीकच्या प्रतवारीने. आता ही गंमत बघा. एनआरएच्या (अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या) दोन प्रतवाऱ्या आहेत, आणि एक्सलंट हा शब्द दोन्हींत आहे. आधुनिक बंदुकीला तो म्हणजे जवळपास नवीकोरी. अँटीकला सगळे मूळ भाग आणि 80 टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश. माझी दोन्हींत बसत नव्हती. पण पावतीवर त्याने लिहिलं होतं, 'जुनी .22 रायफल, आहे त्या स्थितीत.' वर्ष नाही, फिनिश नाही, एक्सलंट तर नाहीच.

नळीत आरशासारखं तेल होतं, ते पुसल्यावर आतले खड्डे दिसले. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या मसाल्यातल्या) क्षारांनी अशा कित्येक नळ्या खाल्ल्यात, त्याचं खापर एकट्या त्याच्यावर नाही फोडत.

पुढे ती विकायला काढली तेव्हा टेबलावर चिठ्ठी ठेवली: '1904, रिसीव्हर टॉर्चने रंगवलेला, दस्ता घासलेला, नळीत खड्डे.' पहिल्या गिऱ्हाइकाने रायफल उचलली, रंगांकडे बघून हसला, चिठ्ठी वाचली आणि रायफल जपून खाली ठेवली.