१२ व्होल्टचं आयन मॉड्यूल, आठ महिन्यांनंतर: सगळं भांडण हिरव्या वायरीचं

मार्चमध्ये मी या मॉड्यूलला भंगार म्हटलं होतं. तो शब्द निम्मा मागे घेतोय. उरलेला निम्मा दुकानदाराच्या नावे.

१२ व्होल्ट आत, उणे ७ किलोव्होल्टच्या आसपास बाहेर, टोकाला कार्बनच्या केसांचा झुपका. झुपका हवेत ऋण भार सोडतो, त्याने भारलेले धूळ-धुराचे कण आसपासच्या भिंती-वस्तूंना चिकटतात आणि हवा स्वच्छ होते. पुण्याच्या तापकीर गल्लीत ३४० रुपयांना मिळालं.

खरं तर विकत घ्यायचंच नव्हतं. घरात १एन४००७ डायोड पडून होते, म्हणून थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर, व्होल्टेज पायरीपायरीने चढवणारी शिडी रचली: २२ डायोड, २२ कपॅसिटर. २३० व्होल्टचं शिखर ३२५, दर पायरीला त्याच्या दुप्पट म्हणजे ६५०, अकरा पायऱ्यांत सात हजारांच्या वर. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला असल्याच शिडीच्या जोरावर अणूचं केंद्रक फोडलं. मला हॉलमधली धूळ खाली बसवायची होती. मेव्हणा वायरमन आहे. त्याने आल्या आल्या दोन पिनांचा प्लग उलटा खोचला आणि शिडीच्या ‘शून्य’ टोकाला टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला, म्हणजे जिथे काहीच नको तिथे फेज.

“भाऊजी, हे पोरांच्या खोलीत ठेवणार तुम्ही?”

शिडी त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली. मग हे मॉड्यूल आणलं. ते १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतं आणि अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे मेन्सचा फेज सरळ आपल्या अंगावर येत नाही. कितीही कंजूष असलात तरी या ३४० रुपयांत घासाघीस करू नका.

पहिला आठवडा झकास. काचेच्या बरणीत उदबत्तीचा धूर कोंडला, झुपका आत सोडला, आणि काही सेकंदांत बरणी स्वच्छ. काचेवर पिवळट साय धरली होती. बायकोलाही दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात रात्री टिक... टिक सुरू झालं. शेजारच्या लोखंडी कपाटाला हात लावला की चटका. धूरही पहिल्यासारखा विरेना. दुकानदाराला तीन फोन केले. पहिल्यांदा “अडॅप्टर बदलून बघा”, दुसऱ्यांदा “वापरलेला माल परत नाही”, तिसऱ्यांदा उचललाच नाही. मी ‘भंगार’ म्हटलं ते याच रात्री.

दोष निघाला हिरव्या वायरीत. सोबत कागदाचा चिटोराही नव्हता, त्यामुळे ती जास्तीची समजून मीच टेप गुंडाळून डबीत कोंबली होती. झुपक्यातून जेवढा ऋण भार हवेत जातो, तेवढाच धन भार मागे साचतो. त्याला जमिनीत उतरायला वाट नसेल तर अख्ख्या मॉड्यूलचं व्होल्टेज अधांतरी चढत जातं, झुपका थंडावतो आणि साचलेला भार मिळेल तिथून उडी मारतो. वाट म्हणजे ती हिरवी वायर. ३४० रुपयांच्या वस्तूत हे एक वाक्य छापायला काय जात होतं?

आता एका तीन पिनी प्लगच्या फक्त जाड पिनेला वायर जोडलीय. सॉकेटचं अर्थिंग मेव्हण्याने आधी तपासलं. तरी मध्ये ४७० किलोओमचे अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर (करंट रोखणारे) एकामागे एक टाकलेत. उद्या कुणी सॉकेटची वायरिंग चुकवली तरी पाव मिलिअँपिअरच्या वर काही जाणार नाही. झुपक्याच्या बाजूलाही १ मेगाओमचे २२ रेझिस्टर ओळीने जोडले. एकच मोठा घातला असता तर सात हजार व्होल्ट त्याच्या पाठीवरून ठिणगी टाकून गेले असते. बाविसांत वाटले की प्रत्येकाला सव्वातीनशेसुद्धा येत नाहीत. कुणाचा चुकून हात लागला तर टाचणी टोचल्यासारखं होतं, तेवढ्यावर निभावतं. २२ रुपये खर्च. सोल्डरची टोकं मात्र गोल, गुळगुळीत ठेवा. टोक राहिलं की तिथूनच सूं आवाज येतो आणि झुपक्याच्या वाट्याचं सगळं तिथेच गळतं.

जूनमध्ये पाऊस लागला तशी सोबतची पातळ पीव्हीसी वायर भिंतीला टेकेल तिथे सूं करू लागली. ती काढून गॅरेजवाल्याकडून जुन्या स्कूटरच्या स्पार्क प्लगची वायर आणली. फुकट. तेव्हापासून आवाज नाही.

ओझोनबद्दल: झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास आला की मी बंद करतो. अशा यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग आहे, पण माझ्याकडे मीटर नाही, नाकच आहे. खिडकी किलकिली ठेवतो, झोपताना चालवत नाही. दमा-बिमा बरा होईल या आशेने घेऊ नका.

आणि धूळ नाहीशी होत नाही, भिंतीला चिकटते. झुपक्यामागे ताटाएवढा काळा डाग पडलाय, ओल्या फडक्यानेही निघत नाही. बायकोने त्यावर कॅलेंडर टांगलंय. आता कॅलेंडरही कडेने काळवंडतंय, पण पान उलटलं की खालचं कोरं निघतं.