तलावावरच्या कंट्रोलरसाठी बोर्ड निवडताना: नल पॉइंटर कोण पकडतो?

खाजणातल्या कोळंबी तलावावर ऑक्सिजन मोजून एअरेटर चालू-बंद करणारा कंट्रोलर बनवायचा असेल, तर बोर्डांची किंमत आणि वायफाय सगळेच ताडून बघतात. मी आधी दुसरंच बघायला सांगेन. नल पॉइंटर म्हणजे ‘काही सापडलं नाही’ या अर्थी शून्य ठेवलेला मेमरीचा पत्ता. प्रोग्रॅमने चुकून त्या शून्य पत्त्यावर हात घातला, तर चिप ओरडते की गप्प राहते?

पीसीवर व्हर्च्युअल मेमरी असते. शून्याजवळचं पान मुद्दाम रिकामं सोडलेलं असतं, तिथे हात लागला की प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. बहुतेक छोट्या चिपांत ही सोय नाही. तिथे शून्य पत्त्यावर खरोखरच काहीतरी असतं.

आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पीमध्ये तिथे आर० हे रजिस्टर असतं आणि शेजारी आर१. आर१ मध्ये कायम शून्य आहे असं कंपायलर धरून चालतो. नल पॉइंटरमधून दोन बाइटचा आकडा लिहिला की तो आर१ बिघडतो आणि चुकीचं उत्तर भलत्याच फंक्शनमध्ये निघतं. नल फंक्शन पॉइंटरला कॉल गेला तर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, पण टायमर आणि पोर्ट जसे होते तसेच राहतात. तलावासाठी हा बोर्ड मी घेणार नाही.

स्वस्त ‘ब्लू पिल’ म्हणजे एसटीएम३२एफ१०३सी८. इथला धोका जास्त फसवा आहे. शून्यावर फ्लॅशची (प्रोग्रॅम साठवलेल्या मेमरीची) सुरुवात दिसते आणि पहिल्या चार बाइटांत स्टॅकचा सुरुवातीचा पत्ता असतो. २० केबी रॅम असल्याने तो सहसा हेक्समध्ये २०००५०००. आता समजा प्रोबची (ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद सापडली नाही, फंक्शनने नल परत दिला आणि तुम्ही तो न तपासता त्यातली पहिली फ्लोट किंमत, म्हणजे प्रोबची दुरुस्ती, वाचली. ते बाइट फ्लोट (दशांश आकडा) म्हणून वाचले तर सुमारे १०चा उणे १९वा घात निघतो, म्हणजे जवळपास शून्य. दुरुस्ती उणे १.२ असायला हवी होती. ऑक्सिजन ३.६ च्या जागी ४.८ दिसतो. ‘४ च्या खाली गेला की एअरेटर चालू’ असा नियम असेल, तर पहाटे, ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तेव्हाच, एअरेटर बंद राहतो. वॉचडॉगलाही (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणाऱ्या टायमरला) काही कळत नाही, कारण प्रोग्रॅम व्यवस्थित चालूच आहे.

नल फंक्शन कॉल मात्र कॉर्टेक्स-एममध्ये (एसटीएम३२ चिपांतल्या प्रोसेसरमध्ये) पकडला जातो. पत्त्याचा शेवटचा बिट शून्य असल्याने थंब मोड (या प्रोसेसरला चालणारा एकमेव मोड) नाही असं ठरतं आणि फॉल्ट येतो. पण वाचनाचं काय?

त्यासाठी एमपीयू, म्हणजे मेमरीचे ठरावीक भाग (रीजन) बंद करू शकणारा चिपमधला पहारेकरी, लागतो; तो एफ१०३सी८ मध्ये नाही. ‘ब्लॅक पिल’वरच्या एसटीएम३२एफ४११ मध्ये आहे, आठ रीजनचा. तुमचा कोड हेक्स ०८०००००० पासून चालतो, म्हणून त्याच्या खालचे सगळे १२८ एमबी एकाच रीजनने बंद करता येतात. बाकीच्या मेमरीसाठी डीफॉल्ट नकाशा चालू ठेवण्याचा बिट विसरू नका. इंटरप्ट आल्यावर व्हेक्टर (कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता) वाचण्याला एमपीयू आडवा येत नाही. एनआरएफ५२सारख्या चिपमध्ये फ्लॅशच शून्यापासून सुरू होते. तिथे फार तर सुरुवातीचा छोटा तुकडा बंद करता येतो, आणि नल अ‍ॅरेचा मोठा इंडेक्स त्याच्या पलीकडे निसटतो. झेफर ही छोट्या चिपांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असाल तर नल पकडायची सोय त्यात तयारच आहे, एमपीयूने किंवा डीडब्ल्यूटी या डीबग भागाच्या वॉचपॉइंटने (ठरावीक पत्त्यावर हात लागला की कळवणाऱ्या सोयीने).

ईएसपी३२ला काही करावं लागत नाही. शून्याजवळ काही जोडलेलंच नसतं, त्यामुळे वाचताच ‘लोडप्रोहिबिटेड’ येतं, रजिस्टर छापले जातात आणि बोर्ड रीस्टार्ट होतो. फक्त तलावावर सिरियल मॉनिटर कोण बघणार? कोअर डम्प (कोसळतानाच्या स्थितीची नोंद) फ्लॅशमध्ये साठवायचा पर्याय चालू करा.

कॉलेजात टर्बो सी वापरलेल्यांना ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ आठवत असेल. डेटा सेगमेंटच्या सुरुवातीचे बाइट बदललेत का, हे प्रोग्रॅम संपताना तपासलं जायचं. ती युक्ती इथे चालत नाही. ती फक्त लिहिणं पकडते, वाचणं नाही.

‘नल आहे का’ ही हाताने केलेली तपासणी सगळीकडे हवीच. मात्र पॉइंटर आधी वापरून मग तपासलात, तर ऑप्टिमायझेशनमध्ये जीसीसी हा कंपायलर ती तपासणीच काढून टाकू शकतो (एव्हीआरवर, म्हणजे उनोच्या चिपसाठी, तसं करत नाही). म्हणून ‘-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ हा पर्याय लावा.

माझं मत: मोबाइलवर इशारा हवा असेल तर ईएसपी३२, नसेल तर एफ४११ आणि एमपीयू. फॉल्ट हँडलरने आधी एअरेटर चालू करावा, मग चुकीच्या ओळीचा पत्ता साठवावा, मग रीसेट. आणि एअरेटरचा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) रिलेच्या एनसी टोकावरून, म्हणजे रिलेला वीज नसताना जोडलेल्या टोकावरून, घ्या, म्हणजे रीसेट होताना रिले सुटली तरी पंखे फिरत राहतील.