लेअर मॅश आणि शेल ग्रीट, सात महिने वापरून (उन्हाळ्यासकट)

नोव्हेंबरात बीव्ही ३०० या अंड्यांच्या जातीच्या ११० तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) आणल्या, १६ आठवड्यांच्या. सिन्नरच्या पूर्वेला मळ्यात पत्र्याचं शेड आहे आमचं. खाद्य म्हणजे रेडी लेअर मॅश (अंड्याच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य), ५० किलोची गोणी, कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे. थंडीत बोलायला जागाच नव्हती, दिवसाला १२ किलो खाद्य आणि ९८-१०० अंडी, कवच एकदम टणक. मनात म्हटलं चला, जमलं आपल्याला.

एप्रिल लागला आणि सगळं फिसकटलं. दुपारी पत्रा तापला की सगळ्यांच्या चोची उघड्या, पंख अंगापासून लांब, नुसत्या धापा. खाद्य ९ किलोवर आलं आणि अंडी ७० च्या खाली. एका पहाटे अंधारात अंडी गोळा करत होते तर एकात बोटच गेलं, कवच नव्हतंच, नुसता पापुद्रा, बलक मनगटापर्यंत आला.

मग मी शहाणपणा केला. खात नाहीत ना, म्हणून मॅशमध्ये मक्याचा भरडा वाढवला, येवल्याकडून मका आलेलाच होता घरात. कोंबड्यांनी खाल्ला पण आवडीनं, आणि आठ दिवसांत अंडी अजून उतरली, ६२! नंतर डोक्यात उजेड पडला की लेअरला प्रोटीन १६-१८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं, मक्यात प्रोटीन त्याच्या निम्मं आणि कॅल्शियम नावाला, म्हणजे मी खाद्य वाढवत नव्हतेच, पातळ करत होते. उन्हाळ्यात कोंबडी खातेच कमी, तर जो घास जातो तो उलट जास्त कसदार पाहिजे. भरडा बंद केला.

खरा फरक पडला तो वेळ बदलल्यावर. आधी मी सकाळी ९ ला घमेली भरायचे, घरातली कामं उरकून. खाल्लेलं पचताना अंगात गरमी तयार होते आणि ती चार-पाच तासांनी शिगेला, म्हणजे बरोबर दुपारी दोनला मीच त्यांना आतून पेटवत होते की! आता पहाटे सव्वाचारला बल्ब, लगेच खाद्य, दहाला खाद्याची भांडी वर टांगते ती पाचला खाली. रात्री सव्वाआठला बल्ब बंद, उजेड १६ तासांच्या वर नेत नाही. (लाईट गेली की चार्जिंगचा दिवा, आणि लाईट कधी जाते ते विचारू नका.) संध्याकाळी थोडी मॅश पाण्यानं ओलसर करून देते, त्यावर तुटून पडतात, पण अर्ध्या तासात उरलेली उचलायचीच, एकदा विसरले तर सकाळी आंबट वास.

शेल ग्रीट (कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा जाड चुरा) पाचच्या खाद्यासोबत, वेगळ्या भांड्यात, ११० ला साधारण अर्धा किलो. कवच मुख्यतः रात्री बनतं आणि जाड खडे पोटात हळूहळू विरघळतात, त्यामुळे पावडरपेक्षा हे बरं. दुसरं म्हणजे धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच, त्यातलं कार्बोनेट त्याच वायूपासून बनतं, म्हणून कॅल्शियम देऊनही कवच पातळ राहू शकतं. त्यासाठी कडक उन्हाच्या दिवसांत किलोला ३ ग्रॅम खायचा सोडा खाद्यात मिसळला, डॉक्टरांना विचारूनच, कारण मॅशमध्ये मीठ असतंच.

पाण्याचं सासूबाईंनी पकडलं. शेडवर काळी टाकी, दुपारी नळाखाली हात धरून म्हणाल्या, "तू पिशील का गं हे? चहाच टाक त्यात." खरंच चटका बसत होता. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं, पाईप मातीत गाडला, दुपारी दोनदा पाईपातलं गरम पाणी सोडून द्यायचं. थंडीत २५ लिटर पीत होत्या, मे मध्ये ४५ च्या वर. पाणी पोटात गेलं तर खाद्य जातं, एवढं साधं आहे. कोंबडीला घाम येत नाही, तिचा सगळा कारभार चोचीतून.

मे अखेर अंडी ८०-८२ वर आली, कवच सुधारलं. आकार मात्र लहानच राहिला, त्याला मी काही करू शकले नाही.

आता तक्रार. मे मधल्या दोन गोण्या फोडल्या तर आत ढेकळं आणि कुबट वास. दुकानदार म्हणे "उन्हाळ्यात असंच होतं, घाला बिनधास्त". नाही घातली. मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, त्यानं लिव्हर जातं कोंबडीचं. पैसे परत मिळाले नाहीत, दोन्ही गोण्या उकिरड्यात खोल पुरल्या आणि दुकान बदललं. मॅश तीच वापरतेय, ताजी असली की चांगलीच आहे, पण गोणी दुकानातच फोडून वास घेते, दुकानदाराचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

आता पाऊस सुरू झालाय, खाद्य साडेअकरा किलोवर आलंय. गोण्या भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर ठेवल्यात.