रोवणीपासून शिमग्यापर्यंत : गोंदियाच्या पाणथळीतली सारस सहल

पावसाळ्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातली सफारी बंद असते आणि नेमका तेव्हाच बाहेरचा धानपट्टा पाहण्याजोगा असतो. म्हणून जुलैत सारस आणि इतर पाणपक्षी दाखवणाऱ्या एका स्थानिक गटाची हंगामी सभासदी घेतली. पैसे एकदाच भरायचे, मग मार्चपर्यंत सुटीच्या दिवशी वाटाड्यासोबत बाघ आणि वैनगंगा नद्यांकाठच्या बांध्या (धानाची शेतं), बोड्या (लहान तळी), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव फिरायचे. हंगाम संपत आलाय, तर लिहून टाकते.

पैसे वसूल झाले ते वाटाड्यामुळे. आमच्यासोबतचे भाऊ ढिवर समाजातले, लहानपणापासून याच तलावांत जाळं टाकत आलेले. ऑगस्टमध्ये रोवणी (धानाची लावणी) आटोपलेल्या एका बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. धानाची रोपं आणि पाणगवत उपटून रचलेला मोठा ढीग, चारी बाजूंनी पाणी. आम्ही दूरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. नागपूरहून आलेल्या एकाने मोबाइल काढून चिखलात पाय टाकला, तसे भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "समोर नोका जाऊ जी. तुम्ही गेले का ते उठते, मंग कावरे येतेत अंड्यावर." आणि सगळ्यांनाच आणखी मागे नेलं. फोटो कुणाचाच धड आला नाही. त्या पाहुण्याचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं. मला मात्र तिथेच सभासदीचं समाधान वाटलं.

अंडी बहुधा दोन असतात, महिनाभर उबवावी लागतात, नर-मादी आळीपाळीने बसतात. दिसायला दोघं सारखीच, करडी, लाल मानेची. नर जरा थोराड. उभा राहिला की उंची जवळपास माणसाएवढी. भाऊंनी ओळखायची खूण दिली ती आवाजाची : जोडीने ओरडतात तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या बहुधा दोन. आता आमची धाकटी घराच्या छपरीत बसून दोन्ही आवाज काढते. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात, बाकी भंडारा-चंद्रपुरात तुरळक. त्यामुळे बांधीच्या मालकाला या सहलीतून काय मिळतं, हे मी मुद्दाम विचारलं. निंदणाच्या वेळी घरट्याभोवतीचा तुकडा सोडल्याबद्दल त्याला सभासदीतला वाटा देतात, असं कळलं. मालकही तिथेच होता, त्याने मान डोलावली.

हिवाळ्याचं फार लिहीत नाही, कारण तेव्हा सगळेच येतात. चक्रवाक, तलवार बदकं, नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. नवेगावबांधला तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. हे तलाव कोहळी लोकांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले, तेही वाटाडे सांगतात. मी मात्र एका बोडीत कमळपक्ष्यालाच खिळून राहिले. लांबच लांब बोटं पसरून तो एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. पान किंचित दबतं, कडेने पाणी वर चढतं, तोवर हा पुढच्या पानावर.

आता तक्रारी. डोंग्यातून फेरी देऊ म्हणाले होते. दिली, पण मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं नव्हती, म्हणून आम्ही काठावरच थांबलो. दुर्बिणीच्या स्टँडचा स्क्रू जुलैत ढिला होता, तो फेब्रुवारीतही ढिलाच. जानेवारीच्या धुक्यात गाडी उशिरा आली आणि फोन कुणी उचलला नाही. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही : भात, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची भाजी, वर मिरचीचा ठेचा. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "इथं वाघ दिसतो का?" अशांनी ही सहल घेऊ नये, उगाच दोघांचाही दिवस जातो.

गमबूट नेऊ नका, बांधीच्या चिखलात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. जुने कापडी बूट बरे. नोंदणी करताना ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा आधी अडवून ठेवा. हिवाळ्याच्या तारखा मागाहूनही मिळतात.