पाप म्हणायचं की दुखणं? ख्रिस्ती समुपदेशनाच्या दोन वाटा

१९७० साली जे अ‍ॅडम्स या अमेरिकन प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मानसशास्त्राला सरळ आव्हान दिलं: माणसाच्या बहुतेक घालमेलीच्या मुळाशी पाप आहे आणि त्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पुरेसं आहे. दुसरी वाट बायबल आणि मानसशास्त्र दोन्हींची सांगड घालणाऱ्यांची. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत) १९६५ पासूनच मानसशास्त्र शिकवलं जात होतं.

बायकोवर सतत खेकसणारा नवरा घ्या. अ‍ॅडम्सच्या पद्धतीत त्याला चक्क गृहपाठ मिळतो: कधी, कशावरून भडकलो ते रोज लिही, तिची माफी माग, खेकसण्याऐवजी काय बोलणार ते ठरव. आधार बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा. तिथे चोराने चोरी थांबवून भागत नाही. त्याने कष्ट करून गरजूला द्यायचं असतं. स्वभाव घडवायला मला हेच जास्त पटतं. ‘बालपण वाईट गेलं’ म्हणून सुटका नाही.

दुसऱ्या वाटेवरचा समुपदेशक मात्र ते बालपण, झोप, नैराश्य आधी तपासेल. वेळ लागतो, पण नवरा खरंच आजारी असेल तर नुसत्या वहीने काय होणार? (शारीरिक आजाराला डॉक्टर हवा, हे अ‍ॅडम्सनाही मान्य होतं.) आणि मार खाणाऱ्या बायकोला कुणी फक्त ‘क्षमा कर’ म्हणत असेल, तर तिने दोन्ही वाटा सोडून आधी पोलिसांत जावं.