गिटचे शॉर्टकट झकास, पण 'जीएस' नाव चुकूनबी ठेवू नका

दिवाळीपासून टर्मिनलवर (कमांडी टाइप करायची खिडकी) गिटचे, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामचे, शॉर्टकट वापरायलोय. माझा शेल, म्हणजे टर्मिनलमधे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम, झेडएसएच. आधी त्याच्या ओ-माय-झेडएसएच या तयार सेटिंगच्या संचातलं गिट प्लगिन टाकलं, त्यातले निम्मेअर्धे कधी लागतच नव्हते, मग झेडएसएचआरसीमधे (झेडएसएचची सेटिंगची फाइल) आपले आपले लिहिले. कारण सांगतो, माझ्या लॅपटॉपचं टी बटण पार ढिलं झालंय अन् 'गिट स्टेटस' (काय काय बदललंय ते दाखवणारी कमांड) लिहायला टी तीनदा लागतो. नवीन कीबोर्डला पैसे कोण घालणार, अलियास (कमांडचं छोटं टोपणनाव) फुकट आहे. प्लगिनमधे स्टेटसला जीएसटी आहे, पण त्यातबी टी हायेच (अन् जीएसटी काय कमी भरतो का आपण), म्हणून मी जीएस ठेवलं. लई सुख. हात आपोआप चालायला लागला.

मग मावशीच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म आला. उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन मोठा, साइट घेईना. असल्या पीडीएफ मी कायम घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामनं बारीक करतो, त्याची कमांडबी जीएसच. लाइट जायच्या आत उरकावं म्हणलं तर डाउनलोडच्या फोल्डरमधे टर्मिनल म्हणतंय, ही गिट रिपॉझिटरी (गिट सांभाळतं ते फोल्डर) नाही. अरे पण तुला गिटचं विचारलं कोण! घोस्टस्क्रिप्ट काढून परत टाकलं, मोबाइलचा डेटा गेला, तरी तेच. अन् गंमत म्हणजे तीच ओळ स्क्रिप्टमधून चालवली तर बिनबोभाट चालली, कारण झेडएसएचआरसी फक्त आपण समोर बसून टाइप करतो तो शेल वाचतो, स्क्रिप्टला आपला अलियास माहीतच नसतो. शेवटी 'टाइप जीएस' (नावामागं काय आहे ते सांगणारी कमांड) मारलं तेव्हा कळलं, घोस्टस्क्रिप्टच्या जागी माझाच जीएस अलियास चालत होता. घोस्टस्क्रिप्ट १९८८ चं, गिट २००५ चं, म्हणजे नावावर हक्क घोस्टस्क्रिप्टचाच. नावाच्या आधी उलटी स्लॅश लावली की अलियास सोडून खरी कमांड चालते, तेवढ्यावर त्या दिवशी फॉर्म भरला.

रागात सगळे अलियास उडवले होते, पूर्ण कमांडी टाइप करत बसलो, पण टी बटणानं पुन्हा जीव खाल्ला. आता मत बदललंय. शॉर्टकट पाहिजेतच, फक्त ते शेलमधे नाही तर गिटकॉन्फिगमधे (गिटची स्वतःची सेटिंगची फाइल) ठेवायचे. तिथं स्टेटसला नुसतं 'एस' नाव दिलं तरी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामशी भांडण नाही, अन् गिटच्या स्वतःच्या कमांडचंच नाव दिलं तर गिट तुमचा अलियास विचारातच घेत नाही. बॅश (दुसरा एक शेल) असो, झेडएसएच असो, दोन्हीकडं चालतं. शेलमधे एकच ओळ ठेवली, 'जी' म्हणजे गिट. मग 'जी', स्पेस, 'एस', टी एकबी नाही. फोर्स पुशला (सर्व्हरवरचं जुनं दडपून आपलं चढवणं) मात्र शॉर्टकट ठेवलाच नाही, ते पूर्ण लिहितानाच माणूस दोनदा विचार करतो.

बॅशवाल्यांनी एवढं बघा, 'जी' केल्यावर टॅब दाबून ब्रँचचं (कामाच्या वेगळ्या फांदीचं) नाव येणं बंद होतं. त्याला बॅशआरसीमधे गिट-कम्प्लीटची एक ओळ वेगळी टाकावी लागते, झेडएसएचला ती भानगड नाही.