टुकटुकचं पेट्रोल कुणाच्या पैशाचं?

31 वर्षं मी बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. खोटी नोट बोटांना आधी कळायची, डोळ्यांना नंतर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पर्यटकांना कसं फसवतात हे वाचून ‘आपण नाही बाई त्यातले’ म्हणत पान उलटणाऱ्यांतली मीही एक होते.

2024 चा फेब्रुवारी. भारतीयांना थायलंडला व्हिसा लागेनासा होऊन तीनेक महिने झाले होते आणि सांगलीत आमच्या ओळखीतला जो तो बँकॉकला निघाला होता. आम्ही दोघं टूरबरोबर न जाता आपले आपण गेलो. पहिले दोन दिवस मजेत गेले. नदीतल्या बोटी, मेट्रो, टॅक्सी. टॅक्सीचा मीटर 35 बाथवर सुरू होतो, तो पाडलाय की नाही हे मी पुढं वाकून बघायची. मीटरला नाही म्हणाला की उतरायचं, असं आमचं ठरलेलं. माझा सगळा पहारा जास्त भाडं मागणाऱ्यांवर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं था तियेनच्या धक्क्यावर उतरलो. वाट फो नावाच्या देवळातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहिला, त्याच्या तळपायांवरचं शिंपल्यांचं जडावकाम बघण्यात बराच वेळ गेला, आणि मग शेजारच्या राजवाड्याकडे चालत निघालो. मला ओढ होती ती त्या आवारातल्या मंदिराची. तिथल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत आख्खं रामायण रंगवलेलं आहे, त्यांच्या पद्धतीचं, ‘रामकियेन’. आमचा रस्ता राजवाड्याच्या पश्चिमेच्या भिंतीकडेनं जात होता. उंच पांढरी भिंत, आणि जो दरवाजा लागेल तो बंद. पर्यटकांना उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरून आत सोडतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिथं तो भेटला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. “इंडिया? नमस्ते!” मग हळहळून म्हणाला, “आज आमच्या सणाची पूजा आहे, फक्त थाई लोकांना आत सोडतात. तुम्हाला एक वाजल्यानंतर.” बंद दरवाजा समोर दिसतच होता. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या दरवाज्यानंच आमची जास्त खात्री पटवली.

आमच्याच नकाशावर त्यानं पेनानं तीन गोल काढले. एक 32 मीटर उंचीचा उभा बुद्ध. दुसरा ‘लकी बुद्ध’, म्हणे आजच उघडा असतो. आणि तिसरा गोल अगदी जाता जाता काढल्यासारखा: कुठलंसं सरकारी एक्स्पोर्ट सेंटर, वर्षातून एकदा रत्नांवर करमाफी, आज शेवटचा दिवस. “वाटलं तर जा, नाहीतर राहू दे.” मग म्हणाला, पिवळ्या नंबरपाटीच्या टुकटुकवाल्यांना, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्यांना, उभं करू नका, लुटतात. पांढऱ्या पाटीच्या सरकारी असतात. त्यानं हात केला आणि जणू वाटच बघत असल्यासारखी एक टुकटुक आली. ‘जणू’ कशाला, वाटच बघत होती. टुकटुकवाल्यानं 60 सांगितले, यानं थाईमध्ये हुज्जत घालून 40 वर आणलं, तीन तासांचे. परमुलखात आपल्या वतीनं घासाघीस करणारा माणूस भेटला की त्याच्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही. मी चक्क वाकून नमस्कार केला त्याला. आठवलं की अजून कानशिलं तापतात. (सरकारी टुकटुक असा काही प्रकारच नसतो.)

खरं तर हिशेब मला तिथंच लागायला हवा होता. मी सांगलीची. तासगाव-विटा वडापनं किती वेळा केलं असेल त्याची मोजदाद नाही. वडापवाला दहाच्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, कारण डिझेल त्या चौदा जणांच्या खिशातून येतं. आपण कुरकुरतो, पण हिशेब उघड असतो. आणि इथं एक जण दोनच सवाऱ्या घेऊन 40 बाथात, म्हणजे तेव्हाच्या दरानं शंभर रुपयांच्या आत, तीन तास थांबत थांबत फिरवायला तयार होता. पेट्रोल कुणाच्या पैशाचं, हा प्रश्न मला पडला नाही. मी पुण्यातल्या मुलाला फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘तीन तास, नव्वद रुपये!’

उभा बुद्ध खरोखर सुंदर होता. दुसरं देऊळ लहान, निवांत. आत एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले. थोड्या वेळानं आपण होऊन बोलायला लागले, शिक्षक आहे म्हणाले. बोलता बोलता कळलं की मुलीच्या लग्नासाठी कालच त्या सेंटरमधून खडे घेतले. “आज शेवटचा दिवस, नाही का?” आमच्याकडे पासबुकातली चूक दुरुस्त करायलाही दोघांच्या सह्या लागायच्या. इथं दोन साक्षी मिळाल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या. ते गृहस्थ त्याच साखळीतले असतील हे डोक्यातही आलं नाही. देवळात बसलेला माणूस!

बाहेर टुकटुकवाला म्हणाला, “मॅडम, दुकानात फक्त दहा मिनिटं. घेऊ नका, नुसतं बघा. तुम्ही आत गेलात की मला पेट्रोलचं कूपन मिळतं.” म्हणजे न पडलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्यानं स्वतःच्या तोंडानं दिलं. हे मला म्हणाले, “बिचारा खरं तरी बोलतोय.” आणि आम्ही त्याच्यावर उपकार करायला म्हणून आत गेलो.

आत गारवा, थंड पाणी, काचेपलीकडे खडे घासत बसलेले कारागीर. विक्रेता मऊ बोलणारा. बँकॉकच्या लांबलचक मूळ नावात ‘नोप्फरत राचथानी’ असे शब्द येतात, म्हणजे तुमचीच ‘नवरत्न राजधानी’, हे त्यानं कागदावर लिहून दाखवलं. मी नंतर तपासलं, ते खरं आहे. त्या दिवशी आम्हाला जे जे सांगितलं गेलं त्यात असं खरं बरंच होतं. मग त्यानं विचारलं, “तुमच्याकडे शनीसाठी नीलम घालतात ना?”

त्यानं एवढंच विचारलं. बाकीचं मी सांगितलं. मुलाची कुंभ रास, साडेसाती, त्यातली मधली अडीचकी, सुटलेली नोकरी. मी बोलत गेले आणि तो मान हलवत गेला. तीन कॅरटचा गडद निळा खडा मखमलीवर आला. हे म्हणाले, “अगं, आपल्या सराफ कट्ट्यावर बघू की.” मी म्हटलं, “अहो, तिथं दुप्पट पडेल.” किंमत 38,000 बाथ. कार्ड घासलं. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क धरून ₹92,000 च्या आसपास गेले. खडा प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून दिला आणि बजावलं की सील तोडलं तर गॅरंटी संपली. दुकानातल्या बाईनं प्रेमानं विचारलं, “परत कधी जाणार?” मी विमानाची तारीख, वेळ सगळं सांगितलं.

त्या ‘करमाफी’चं सांगायचं तर, थायलंडमध्ये परदेशी पर्यटकाला 7 टक्के व्हॅटचा परतावा वर्षभर मागता येतो. तशी पाटी असलेल्या दुकानातून एका दिवसात किमान 2,000 बाथची खरेदी करायची, दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि पैसे विमानतळावर मागायचे. त्यात शेवटचा दिवस वगैरे काही नसतं.

दुकानातून टुकटुकवाल्यानं आम्हाला एका शिंप्याकडे नेलं, आणखी एक कूपन. सूट नको म्हणत बाहेर आलो तर टुकटुक गायब. आमचं भाडं न घेताच गेला होता. रिक्षावाला पैसे न घेता निघून गेला हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेव्हा, त्या रस्त्यावर, यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मीही नाही.

टॅक्सी करून राजवाड्याच्या उत्तरेच्या दाराशी पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. आतून माणसांचे लोंढे बाहेर येत होते, सकाळपासून आत असलेले. राजवाडा रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो आणि अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशी सूचना तिथंच आहे, आपल्यासारख्यांसाठीच. रामकियेन राहिलं ते राहिलंच.

रात्री हॉटेलातल्या मुलीनं सगळं ऐकून पर्यटक पोलिसांचा 1155 नंबर लावून दिला. ते नीट बोलले, म्हणाले, वस्तू आणि पावती घेऊन उद्या प्रत्यक्ष या. आमचं विमान पहाटेचं होतं. दुकानाला ते माहीत होतंच.

सांगलीत सराफानं डबी उघडली, भिंगातून पाहिलं आणि चहा मागवला. तेव्हाच मी समजले. पुण्याहून तपासून आणला: नीलम अस्सल, पण भट्टीतून काढलेला आणि भेगा काचेनं भरलेल्या. दहा हजार आले तरी नशीब, म्हणाले. नुसती उष्णता दिलेला नीलम बाजारात सर्रास चालतो, काच भरली की मात्र भाव कोसळतो. कार्डाच्या बँकेत तक्रार केली, ती फेटाळली. पावतीवर ‘नैसर्गिक नीलम’ आणि वजन एवढंच लिहिलंय, दोन्ही बरोबर आहे, खाली माझी सही. उलट्या बाजूनं मीही अशा तक्रारी फेटाळल्या आहेत, त्यामुळं वाद घालता आला नाही. आणि गुरुजी म्हणाले, “भेगाळलेला नीलम घालायचा नसतो, वहिनी. नुसता घरातसुद्धा नको.”

घरात सांगायला मला आठ महिने लागले. सांगितलं ते धाकट्या जाऊबाई बँकॉकला निघाल्या म्हणून. त्यांना कागदावर लिहून दिलं: राजवाड्याचं तिकीट 500 बाथ, उत्तरेच्या दारातूनच आत जायचं, बंद आहे असं कुणीही सांगो, दारापर्यंत जाऊन बघायचं, टुकटुक केलीच तर एका जागेहून दुसऱ्या जागेपर्यंतच, भाडं आधी ठरवून, आणि कूपनचं नाव निघालं की तिथंच उतरायचं. खाली 1155.

तिकडं गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं ती पांढरी भिंत ओळखू आली.

“ताई, इथं एक जण म्हणतोय राजवाडा आज एकपर्यंत बंद आहे.”

“गळ्यात ओळखपत्र आहे?”

“आहे की! तुम्हाला कसं कळलं?”

“फोन बंद करू नकोस,” मी म्हटलं, “आणि भिंतीच्या कडेकडेनं उत्तरेला चालत राहा.”